भाड्याचं स्कूबा साहित्य: किती स्वच्छ असतं, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने काय बघावं?

शंखशिंपले

नमस्कार मंडळी,

स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहण्याचा, पहिला कोर्स करायचं नक्की केलंय. पोहता येतं, पाण्याची भीती नाही, आरोग्याचा फॉर्म भरून झालाय आणि डॉक्टरांनीही हिरवा कंदील दाखवलाय. अडलंय ते भलत्याच ठिकाणी.

नवीन असल्यामुळे सगळं साहित्य भाड्याचं असणार. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं उपकरण, ही तर थेट तोंडात धरायची वस्तू. काल दुसऱ्याच्या तोंडात, आज माझ्या, उद्या आणखी कुणाच्या. परवा एका ठिकाणी साहित्य बघायला गेले होते. रेग्युलेटर हुकांना ओळीने टांगलेले होते. त्यातला एक हातात घेतला, तर माउथपीसच्या ज्या दोन कडा दातांत धरतात त्यांतली एक कुरतडून अर्धी झालेली आणि आतल्या खाचेत काळे ठिपके. नखाने खरवडले तरी निघेनात. बाजूला पाण्याचं एक मोठं पिंप होतं. त्यात मास्क, रेग्युलेटर, पायातले बूट, सगळं एकत्रच बुचकळून काढत होते. स्वच्छता कशी करता असं विचारलं तर "रोज धुतो की" एवढंच उत्तर मिळालं.

तर प्रश्न असे. दुसऱ्याच्या लाळेतून खरोखर काय काय होऊ शकतं? वेटसूटमध्ये, म्हणजे पाण्यात ऊब देणाऱ्या रबरी पोशाखात, लोक लघवी करतात हे खरं का? आणि सगळंच विकत घेणं शक्य नसेल तर निदान कोणती वस्तू स्वतःची असावी? घरचे म्हणतात, एवढी किळस वाटते तर जाऊच नकोस. पण मला जायचंय.

भरती_ओहोटी

फार विचार करू नका. मी कित्येक वर्षं भाड्याच्याच साहित्यावर डाइव्ह करतोय, साधी सर्दीसुद्धा झाली नाही. समुद्राचं खारं पाणी असतंच की, त्यात सगळं धुऊन निघतं. एकदा मासे दिसायला लागले की माउथपीसची आठवणही राहणार नाही.

खोलपाणी

शंखशिंपले, हा प्रश्न कुणालाही उडवून लावू देऊ नका. मी शिकवतो, त्यामुळे त्याची एक बाजू सतत बघतो.

ज्याला माउथपीसची शिसारी आलेली असते, तो माणूस रेग्युलेटर नीट तोंडात घेतच नाही. ओठ पुरते मिटत नाहीत, दात कडांच्या टोकाला नुसते टेकवलेले असतात. जमिनीवर हे खपून जातं. पाण्याखाली मात्र ओठांच्या कोपऱ्यातून पाणी झिरपतं, घशाशी येतं, ठसका लागतो, आणि नवशिक्याला ठसका लागला की पहिली ऊर्मी असते ती सुसाट वर जाण्याची. श्वास रोखून वर येणं हे स्कूबात सगळ्यात घातक. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना हवेचं आकारमान दुप्पट होतं. ती फुफ्फुसात कोंडलेली असेल तर फुफ्फुस फाटू शकतं. म्हणून माउथपीस निर्धास्तपणे तोंडात घेता येणं हा टापटिपीपुरता प्रश्न नाही, तो सुरक्षिततेचाच भाग आहे. शिकणाऱ्याच्या मनात शंका असेल तर ती पाण्यात उतरण्याआधीच मिटली पाहिजे.

उपाय सोपा आहे. स्वतःचा माउथपीस घ्या. सेकंड स्टेजला, म्हणजे रेग्युलेटरच्या तोंडाजवळच्या भागाला, माउथपीस फक्त एका प्लास्टिकच्या झिप टायने आवळलेला असतो. टाय कापायचा, जुना माउथपीस ओढून काढायचा, नवा नीट खोबणीत बसवायचा आणि नव्या टायने घट्ट आवळायचा. टायची गाठ गालाला घासणार नाही अशा बाजूला वळवायची आणि उरलेलं टोक अगदी कडेला चिकटून कापायचं, नाहीतर ओठ सोलवटतो. शेवटी जोर लावून ओढून बघायचं. मात्र रेग्युलेटर त्यांचा आहे, तेव्हा हे काम त्यांच्याच माणसाकडून आणि तुमच्यासमोर करून घ्या. बहुतेक सेकंड स्टेजना सर्वसाधारण मापाचा माउथपीस बसतो, पण काही मॉडेल्सची रचना वेगळी असते. घेण्याआधी विचारून घ्या.

तुम्ही पाहिलेला तो कुरतडलेला माउथपीस तर हातात घेऊन सरळ परत द्या. कड तुटलेली असली की पकड राहत नाही आणि जबडा दुखून येतो. रबरात शिरलेले काळे डाग बहुधा बुरशीचे असतात, ते घासून जात नाहीत. हा भाग बदलायचाच असतो आणि तो बदलणं फार सोपं आहे. तो जिथे महिनोन्महिने तसाच ठेवलाय, तिथे न दिसणाऱ्या भागांची देखभाल कशी होत असेल हा पुढचा प्रश्न मला पडतो.

आणखी एक, कारण पुष्कळांचा इथे गैरसमज असतो. आधीच्या माणसाचा श्वास नळीत साठून राहिलेला नसतो. हवा एकाच दिशेने वाहते: सिलिंडर, त्यावर बसणारा फर्स्ट स्टेज, नळी, सेकंड स्टेज, तुमचं तोंड. सोडलेला श्वास सेकंड स्टेजच्याच एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून पाण्यात जातो. त्यामुळे लाळेचा संबंध येतो तो माउथपीस आणि सेकंड स्टेजच्या आतल्या पोकळीशी, तेवढ्याचपुरता. अपवाद एकच. धुताना कुणी रेग्युलेटर पाण्यात बुडवून पर्ज बटण, म्हणजे हवा जोरात सोडायचं बटण, दाबलं आणि आत हवेचा दाब नसला, तर पिंपातलं पाणी नळीत शिरतं. म्हणून ते धुतात कसं, हे जमलं तर उभं राहून बघाच.

सूक्ष्मदर्शी

मी प्रयोगशाळेत काम करते, सूक्ष्मजीव हा रोजचा विषय. भरती_ओहोटी, तुम्हाला काही झालं नाही याचा आनंदच आहे, पण खाऱ्या पाण्याने जंतू मरतात हे बरोबर नाही. समुद्रात जीवाणू सुखाने राहतात. व्हिब्रिओ गटातले जीवाणू तर समुद्राचेच रहिवासी. खाऱ्या पाण्याने फार तर वरवरचं धुणं होतं, निर्जंतुकीकरण नाही.

आता लाळेबद्दल. एचआयव्ही लाळेतून पसरत नाही, तेव्हा ती भीती मनातून काढून टाका. हिपॅटायटिस बीसुद्धा उष्ट्या भांड्यांमधून पसरत नाही. प्रत्यक्षात शक्यता असते ती रोजच्यातल्याच गोष्टींची: सर्दी, फ्लू, घशाचा संसर्ग, आणि ओठांवर ताप उतरल्यासारखे फोड येतात तो हर्पिस. हर्पिसचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर फार काळ तग धरत नाही, पण एकाच्या तोंडातून निघालेला ओला माउथपीस लगेच दुसऱ्याच्या तोंडात गेला तर धोका नाही असं म्हणता येणार नाही. सकाळची तुकडी वर आली आणि तेच साहित्य तसंच दुपारच्या तुकडीला दिलं, ही वेळ मला सगळ्यात जास्त खटकते. रात्रभर स्वच्छ आणि कोरडं राहिलेलं साहित्य त्या मानाने पुष्कळ बरं.

निर्जंतुक करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे आणि तिथेच बहुतेक ठिकाणी गडबड होते. आधी साबणाच्या पाण्याने चोळून धुवायचं, मग जंतुनाशक. लाळ, शेवाळ, वाळू अंगावर असताना जंतुनाशक टाकणं म्हणजे खरकटं न काढता भांडं विसळणं. रसायन त्या घाणीवरच खर्च होतं. जंतुनाशकात वस्तू बुडवून ठेवायचा ठरलेला वेळ असतो, तो लेबलवर दिलेला असतो. नुसतं बुचकळून बाहेर काढलं तर उपयोग नाही. त्यानंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं, कारण ती वस्तू पुन्हा तोंडात जाणार आहे. आणि शेवटी सावलीत पूर्ण वाळवायचं. कडक उन्हात सिलिकॉन आणि निओप्रीन लवकर खराब होतात.

रसायनांमध्ये क्वाटर्नरी अमोनियम गटातली जंतुनाशकं बऱ्याच ठिकाणी वापरतात. साधं घरगुती ब्लीचही चालतं: ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर १ लिटर पाण्याला साधारण २० मिली, म्हणजे द्रावण ०.१ टक्क्याच्या आसपास होतं. ते रोज ताजं करावं लागतं, काल केलेल्या द्रावणाचा भरवसा नाही. ब्लीच आणि अमोनियाची उत्पादनं कधीही एकत्र करू नयेत, विषारी वायू तयार होतो. व्हिनेगर, खाण्याचा सोडा, माउथवॉश यांनी वास जाईल, पण त्यांच्यावर निर्जंतुकीकरणासाठी विसंबू नका.

शंखशिंपले

दोघांचेही मनापासून आभार. खोलपाणी, पकडीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, आणि तो अगदी पटला. मी नक्की तसंच अर्धवट धरलं असतं.

सूक्ष्मदर्शी, म्हणजे मी पाहिलेल्या पिंपात बूट आणि रेग्युलेटर एकत्र बुडवणं ही गोष्ट साबण आणि जंतुनाशकाआधीच चुकते, बरोबर ना? मी स्वतः निर्जंतुक करणारं काही सोबत नेलं तर? सॅनिटायझर?

सूक्ष्मदर्शी

बरोबर. तोंडाला आणि डोळ्यांना लागणाऱ्या वस्तूंचं पाणी वेगळं हवं. बूट, फिन्स, वेटसूट यांचं वेगळं. पिंपातलं पाणी दिवसातून किती वेळा बदलतात हेही विचारा.

सॅनिटायझर मात्र रेग्युलेटरवर नको. त्यातलं अल्कोहोल पेट घेणारं असतं. दाबाखालची हवा आणि त्यातही ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेले वायू यांच्या जवळ, फर्स्ट स्टेजच्या आसपास, ते नेणं धोक्याचं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क म्हणजे डॅन ही संस्था डाइव्हिंगमधल्या आरोग्याच्या प्रश्नांवर १९८० पासून काम करते. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा त्यांनी साहित्य निर्जंतुक करण्याविषयी बरंच मार्गदर्शन केलं. त्यात हाच इशारा होता: हात सॅनिटायझरने पुसून लगेच सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताळू नका. साबणाने धुतलेले हात पुरेसे आहेत.

चष्मेबहाद्दर

माझाही एक प्रश्न घुसडतो. मी काँटॅक्ट लेन्स लावतो. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून सगळे त्यात थुंकतात आणि त्याच सामायिक बादलीत विसळतात असं ऐकलंय. ते डोळ्यांना चालतं का?

खोलपाणी

स्वतःच्या मास्कमध्ये स्वतःची थुंकी हे जुनं आणि उपयोगी तंत्र आहे. अडचण त्या बादलीची आहे. दहा-पंधरा जणांनी विसळलेलं पाणी तुम्ही डोळ्यांसमोर बांधून घेता. मी माझ्या विद्यार्थ्यांना पाणी घालून पातळ केलेला बेबी शाम्पू देतो. दोन थेंब काचेवर चोळायचे आणि वाहत्या गोड्या पाण्याखाली नाहीतर थेट समुद्राच्या पाण्यात विसळायचं. बादलीकडे वळायचंच नाही.

लेन्स मऊ असतील तर डाइव्हिंगला चालतात. पण मास्कमध्ये पाणी घेऊन बाहेर काढायचा सराव कोर्समध्ये असतोच, तेव्हा इन्स्ट्रक्टरला आधीच सांगा आणि त्या वेळी डोळे मिटून घ्या. एकदाच वापरून टाकायच्या लेन्स असतील तर उत्तम. पाण्यातून आल्यावर त्या टाकून द्यायच्या. नळाच्या किंवा बादलीतल्या पाण्यात लेन्स कधीही धुवायच्या नाहीत; अकॅन्थमिबा नावाचा जीव त्यातून डोळ्याच्या बुबुळापर्यंत पोचू शकतो आणि तो संसर्ग बरा करणं फार अवघड जातं. तुम्ही बरीच वर्षं डाइव्ह करणार असाल तर नंबरच्या काचांचा मास्क घ्या.

मधुमालती

वेटसूटच्या प्रश्नाला सगळे बगल देत आहेत, म्हणून मी लिहिते. हो, लोक करतात. आणि त्यात प्रत्येक वेळी बेशिस्त असते असं नाही. अंग पाण्यात बुडालं की पाण्याच्या दाबामुळे आणि गारव्यामुळे हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं. शरीराची समजूत होते की आत पाणी जास्त झालंय, आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकायच्या कामाला लागतात. त्यामुळे डाइव्हच्या मध्यावर अगदी जोराची लागते. हे टाळायला पाणीच प्यायचं नाही असं काही जण करतात, ते मात्र करू नका. डीकंप्रेशन सिकनेसच्या, म्हणजे वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होऊन होणाऱ्या त्रासाच्या, दृष्टीने अंगात पाणी कमी असणं चांगलं मानत नाहीत.

आरोग्याला यातून फार धोका नसतो. त्रास असतो वासाचा आणि नंतरच्या निष्काळजीपणाचा. सूट न धुता घडी करून ठेवला की जीवाणू युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करतात. भाड्याच्या सूटला तो डोळ्यांत झोंबणारा वास येतो, तो याचाच. घालण्याआधी सूट उलटा करून मान, काखा आणि मांड्यांच्या जागी नाक लावून बघा, लाजू नका. वास येत असेल तर दुसरा मागा. मी आत अंगाला घट्ट बसणारा पातळ पोहण्याचा पोशाख घालते, पूर्ण बाह्यांचा. सूट पटकन चढतो आणि त्याचं अस्तर थेट कातडीला लागत नाही.

सूक्ष्मदर्शी

मधुमालतींच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि एक भर. ओलसर सूटमध्ये स्यूडोमोनास हा जीवाणू वाढू शकतो. त्याने घामोळ्यांसारखे लाल, खाजरे पुरळ उठतात, केसांच्या मुळांशी. सूट जिथे घट्ट बसतो तिथे जास्त. बहुतेकदा ते आपोआप जातं. पाण्यातून आल्यावर सूट तसाच अंगावर ठेवून गप्पा मारत बसू नये, लगेच काढून आंघोळ करावी. ताप आला, पू झाला किंवा पुरळ पसरत गेलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं आणि वेटसूट घातला होता हे आवर्जून सांगावं.

बुटांचंही तसंच. पायांच्या बोटांमधली बुरशी ओल्या बुटांतून सहज पसरते. पातळ मोजे घालून मग बूट, एवढं केलं तरी पुष्कळ.

पाऊलवाट

कान-नाक-घसा हा माझा व्यवसाय, म्हणून लिहितो. धागाभर माउथपीसची चर्चा चाललीय आणि कानाचं नाव कुणी काढलेलं नाही. डाइव्ह करणारे माझ्याकडे येतात ते तोंडाच्या संसर्गासाठी क्वचितच. येतात ते कान दुखतो म्हणून.

बाहेरच्या कानाच्या नळीचा संसर्ग होतो कारण कातडी तासन्तास ओली राहते, फुगते, आणि तिथलं मेणाचं संरक्षण निघून जातं. मग वर उल्लेख झालेला स्यूडोमोनास किंवा स्टॅफिलोकॉकस तिथे मुक्काम ठोकतो. भाड्याचा हूड ओला आणि मळकट असेल तर भर पडते, पण खरं कारण ओलावा. ओळखायची खूण: कानाची पाळी ओढली किंवा कानाच्या तोंडाशी असलेला उंचवटा दाबला की कळ येते. नवशिके हे दुखणं आणि दाब नीट समान न केल्यामुळे मधल्या कानाला झालेली इजा यांत गल्लत करतात. त्या इजेत पाळी ओढल्याने दुखत नाही, कान भरल्यासारखा वाटतो आणि ऐकू कमी येतं. दोन्हींत डाइव्हिंग थांबवून डॉक्टरांकडे जायचं, पण उपचार वेगळे असतात.

प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्याने कान धुवा, मान दोन्ही बाजूंना कलवून पाणी निथळू द्या, टॉवेलचं टोक फक्त बाहेरून फिरवा. कापसाची काडी आत घालू नका. ओली कातडी लगेच सोलते आणि संसर्गाला वाट मिळते. व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाचे थेंब प्रतिबंधासाठी वापरतात, पण पडद्याला भोक असेल, कानात नळी बसवलेली असेल किंवा आधीच दुखत असेल तर मुळीच नाही. आणि साधे इअरप्लग लावून स्कूबा करू नका. प्लग आणि पडदा यांच्यामध्ये हवा अडकते, खाली जाताना तिथला दाब समान करता येत नाही.

भरती_ओहोटी

माहिती चांगली मिळतेय, पण एक सांगा. पहिल्यांदा येणाऱ्याने जाऊन एवढी झडती घ्यायची का? तिथे काम करणारी पोरं पहाटेपासून सिलिंडर वाहत असतात. आल्या आल्या नाकाला सूट लावून बघणारा गिऱ्हाईक त्यांना कसा वाटेल?

खोलपाणी

त्यांच्या कष्टांबद्दल तुमच्याइतकाच आदर मलाही आहे. मी स्वतः ते काम केलंय. म्हणूनच सांगतो, जो मनापासून साहित्य धुतो त्याला हा प्रश्न टोचत नाही, उलट तो कौतुकाने दाखवतो. "माउथपीस कशात बुडवता, किती वेळ?" या प्रश्नावर रसायनाचं नाव आणि मिनिटं लगेच सांगता आली तर समजा तिथे रोज होतं. विचारायची वेळ मात्र साधावी. तुकडी पाण्यात उतरायच्या गडबडीत नाही, आदल्या दिवशी.

आता एक गोष्ट, जी मला जंतूंपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. स्वच्छतेची चौकशी करणारच असाल तर हवेची करा. सिलिंडरमधली हवा कॉम्प्रेसरने भरतात. कॉम्प्रेसर हवा ओढतो ती जागा एखाद्या इंजिनाच्या धुराजवळ असली, किंवा तापलेल्या मशीनमधलं तेल जळायला लागलं, तर कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये जातो. त्याला रंग, वास, चव काही नाही. युरोपात श्वसनाच्या हवेसाठी ईएन १२०२१ हे मानक आहे, त्यात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दशलक्ष भागांत ५ भाग इतकी कडक ठेवलीय. कारण खोलीवर सगळंच वाढतं: नवशिक्यांच्या १८ मीटरच्या मर्यादेवर एकूण दाब पृष्ठभागाच्या सुमारे २.८ पट असतो, त्यामुळे वर जे प्रमाण किरकोळ वाटतं त्याचा परिणाम खाली तितक्याच पटीने होतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं समुद्र लागल्यासारखीच असल्यामुळे लक्षात येत नाहीत.

व्हॉल्व्ह किंचित उघडून हवा हुंगून बघा. तेलकट, रबरी किंवा जळका वास आला तर तो सिलिंडर घेऊ नका. पण वास नसणं म्हणजे हवा शुद्ध असणं नव्हे. म्हणून विचारायचं: फिल्टर कधी बदलला, हवेची तपासणी शेवटची कधी झाली, त्याचा कागद बघायला मिळेल का.

मधुमालती

खोलपाणी, बीसीडीबद्दल, म्हणजे हवा भरून तरंगवणाऱ्या जॅकेटबद्दल, सांगायचं राहिलं तुमचं. कोर्समध्ये तोंडाने फुगवायला लावतात ना?

खोलपाणी

हो, आणि ते सोडून चालणार नाही, कारण सिलिंडरच्या हवेने जॅकेट फुगवणारा पॉवर इन्फ्लेटर बिघडला तर पृष्ठभागावर तरंगायला तोच मार्ग उरतो. पण बीसीडी जॅकेटच्या आतली पिशवी अंधारी आणि कायम दमट असते. तिच्यात जीवाणू आणि बुरशी वाढल्याच्या नोंदी आहेत. नियम लक्षात ठेवा: आत फुंकायचं, आतून श्वास कधीही ओढायचा नाही. श्वास घ्यायचा रेग्युलेटरमधून, मग बटण दाबून फुंकायचं, बटण सोडायचं आणि मगच तोंड काढायचं.

सराव करण्याआधी जॅकेट उलटं धरून इन्फ्लेटरचं तोंड खाली करा, बटण दाबून आतलं पाणी काढून टाका. चांगल्या ठिकाणी जॅकेटमध्ये गोडं पाणी आणि जंतुनाशक घालून हलवतात, रिकामं करतात, आणि थोडं फुगवून टांगतात, म्हणजे आतल्या बाजू एकमेकींना चिकटत नाहीत. भिंतीवर टांगलेली जॅकेट्स चपटी पडलेली दिसली तर आतून धुण्याची पद्धत आहे का, एवढं विचारून घ्या. इन्फ्लेटरच्या तोंडाला साबणाचं पाणी लावून पुसणं तुम्ही स्वतःही करू शकता.

शंखशिंपले

माझं आता असं ठरतंय: माउथपीस आणि मास्क स्वतःचा, आत घालायला पातळ पोशाख, मोजे, आणि बेबी शाम्पूची छोटी बाटली. स्नॉर्केल लागणारच असेल तर तीही स्वतःचीच घेईन. रेग्युलेटर, जॅकेट, सूट, सिलिंडर भाड्याचे. जिथे बघायला गेले होते तिथे आणखी एकदा जाऊन हे प्रश्न विचारते, नाहीतर दुसरं ठिकाण शोधते.

शेवटची शंका. रेग्युलेटरला आणीबाणीसाठी जो दुसरा सेकंड स्टेज असतो, तो पिवळा ऑक्टोपस, त्याचाही माउथपीस बदलून घ्यायचा का? आणि जोडीदाराबरोबर हवा वाटून घ्यायच्या सरावात मला त्याचाच तोंडात धरावा लागेल ना?

खोलपाणी

तुमचा ऑक्टोपस सहसा जोडीदाराच्या तोंडात जातो आणि त्याचा तुमच्या. त्यामुळे तिथे स्वतःचा माउथपीस बसवून फारसा उपयोग नाही. तो फाटलेला नाही ना, कडा शाबूत आहेत ना, टाय घट्ट आहे ना, हे मात्र उतरण्याआधी दोघांनीही एकमेकांचं बघायचं. ऑक्टोपस बऱ्याचदा वाळूत, डेकवर लोळत असतो, म्हणून त्याला मुख्य रेग्युलेटरपेक्षा जास्त घाण लागते. सरावाच्या दिवशी सकाळी दोन्ही सेकंड स्टेज साबणाने धुऊन जंतुनाशकातून काढायला सांगा आणि सराव संपेपर्यंत जोडी बदलू नका. कोविडच्या काळात शिकवणाऱ्यांनी या सरावात बदल केले होते, त्यामुळे अडचण वाटत असेल तर इन्स्ट्रक्टरला आधी सांगायला हरकत नाही. ओठावर फोड आलेला असेल किंवा घसा धरलेला असेल, तुमचा किंवा जोडीदाराचा, तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. सर्दीत तसाही कानाचा दाब समान होत नाही.

धुऊन झाल्यावर सिलिंडर बंद असताना आणि नळीतली हवा काढून टाकल्यावर दोन्ही माउथपीसमधून हळूच श्वास ओढून बघा. हवा यायला नको. येत असेल तर माउथपीसला चीर आहे किंवा आतल्या डायफ्रॅमला, व्हॉल्व्हला फट आहे, आणि तो रेग्युलेटर त्या दिवशी बाजूला ठेवायला सांगायचा.